वर दोन

भायखळ्याच्या मंडईत सकाळी सव्वासहाला गोणी फोडतात
तेव्हा आधी माती पडते,
मग बटाटे.
मी त्या मातीच्या वासासाठी येतो.
बायकोला वाटतं, दोन रुपये स्वस्त म्हणून.

आज संकष्टी. तारामतीनं यादी दिली आहे:
बटाटे, रताळी, हिरव्या मिरच्या, शेंगदाणे अर्धा किलो,
राजगिरा मिळाला तर.
यादी वाचता वाचता मी पुन्हा तो घाट चढू लागतो.

अठ्ठ्याहत्तर साल. कायाओ बंदरात आमच्या बोटीचं यंत्र बसलं.
मी जातीनं भंडारी, बोटीवरचा हुद्दाही भंडारी,
बत्तीस माणसांचा डाळभात माझ्या हातात.
एक दिवस सुट्टी मिळाली.
धक्क्यावरचा हमाल इलारिओ म्हणाला,
चल, मावशीचं गाव दाखवतो.
म्हणाला म्हणजे हातानं. त्याची भाषा मला येत नव्हती,
माझी तर बोटीवरही निम्म्यांना येत नव्हती.

पहाटे तीनची बस. शेजारच्या सीटवर कोंबडी, तिचं तिकीट नाही.
मातुकाना झोपेत गेलं.
सान मातेओला उकडलेला मका खाल्ला,
दाणा अंगठ्याच्या नखाएवढा, सोबत खारट चीज.
मग घाट. आठ कसारे एकावर एक रचा,
वर थोडं उरतंच.
मी समुद्राचा माणूस, बुडण्याची भीती मला ठाऊक.
हवेतही माणूस बुडतो, हे तिथं कळलं.
इलारिओनं गालात पानं कोंबली, विड्यासारखी,
ना चुना ना कात,
आणि माझं डोकं हळूहळू माझ्याकडे परत आलं.

तार्माच्या बाजारात बटाटे जमिनीवर मांडले होते.
जांभळे. काळे. एक मांजराच्या पंजासारखा.
एक इतका गाठाळ, की सासू तो नव्या सुनेला सोलायला देते,
इलारिओनं बाजारात मध्येच रडून दाखवलं,
ते मला लगेच समजलं.
काही हिमात गोठवून, पायांनी तुडवून वाळवलेले,
पांढरे, हलके. बटाट्याची सुकट म्हणा.

मावशीचं नाव सातुर्निना. दोन वेण्या, डोक्यावर टोपी.
तराजू नव्हता, तिची ओंजळ होती.
माझी पिशवी भरली, पैसे घेतले,
मग वर दोन बटाटे टाकले आणि म्हणाली, यापा.
मी ऐकलं, ये आप्पा.
बोटीवर पोरं मला आप्पाच म्हणायची, वय एकतीस असून.
हिला कसं कळलं?
मी वळून पाहत राहिलो. ती हसली,
माझा चेहरा पाहून आणखी दोन टाकले.

बंदरात परतल्यावर कोणीतरी सांगितलं,
यापा म्हणजे वर दोन, बाकी काही नाही.
मला ते पटलेलं नाही अजून.

तारामतीला एकदा म्हटलं, तुझ्या उपासाच्या ताटातली
वरी सोडली तर सगळं समुद्रापलीकडून आलंय,
बटाटा, मिरची, दाणे, सगळं.
ती थालीपीठ उलटत म्हणाली,
मग काय, देवाला विचारू का, तुझं गाव कोणतं?

गोणीवाल्याच्या काट्यावर लाल आकडे,
एक किलो चाळीस ग्रॅम.
तो एक छोटा बटाटा काढून परत टाकतो.
मी उभा राहतो थोडा वेळ.
तो म्हणतो, काका, और कुछ?

दाराशी एक बाई टोपली घेऊन बसते.
मी रोज विचारतो, पेरू कुठला?
ती रोज सांगते, राहात्याचा.
आज तिनं पाव किलो तोलून
पोपटानं चोचावलेला एक वर ठेवला,
घ्या आप्पा, गोड असतो असला.

खोदादाद सर्कलची बस गेली, दुसरीही गेली.
घरी पोचलो की ती पिशवी उलटी करेल, मोजेल,
आणि म्हणेल,
यादीत पेरू नव्हता.