रिकामा रकाना

बिल्टहोवनमध्ये साडेचारलाच अंधारतं.
फेन्ना एक जुना अहवाल माहितीकोशात उतरवतेय:
खाण्याचा लाल रंग, उंदीर, नव्वद दिवस,
यकृत, प्लीहा, मूत्रपिंड,
वजनं ग्रॅममध्ये, शाई फिकट.

गट तिसरा, मादी क्रमांक सतरा.
साठाव्या दिवसानंतर काहीच नाही.
मेली? निसटली?
की टिपणाराच कामावर आला नाही त्यानंतर?

पडदा विचारतो: शून्य भरू?
नको.
शून्य म्हणजे कुणीतरी डोळे लावून पाहिलं
आणि तिथं काही नव्हतं.
हे तसं नाही.
‘माहीत नाही’ लिहून ती दिवा घालवते,
सायकल काढते.

घरी योरिट लोण्याच्या पावावर
रंगीत साखरदाणे ओततोय, ओततोच आहे.
जीभ काढून दाखवतो, लालभडक.
एकोणीस किलोचं पोर.
कोट न काढताच ती मनात आकडा मांडते,
शंभरानं भागते, एकोणिसानं गुणते.
चालेल. अख्खा डबा संपवला तरी चालेल.

‘अजून एक पाव?’
ती डबा त्याच्याकडे सरकवते
आणि टेबलावर सांडलेले लाल दाणे
ओल्या बोटानं एकेक टिपत,
उगाच मोजत,
सतराव्यापाशी थांबते.