उजवा कान

पहाटे साडेचारला मानकापूर चौकात
सिग्नल पिवळा लुकलुकत असतो, कुणासाठीच नाही.
एवढाच वेळ मला शहर ओलांडायला मिळतो.

सहाव्या वर्षी गालगुंड झाले.
सूज उतरली, उजवा कान परत आला नाही.
आणि आपल्याकडे मागून येणारं सगळं उजवीकडूनच येतं :
ट्रक, ट्रॅव्हल्स, संत्र्यांनी वाकलेली पिकअप.
मला हॉर्न ऐकू येतो, पण डावीकडून.
नालीतून, कुंपणातून,
जिथे कुणी नाही नेमका तिथून.

म्हणून वीस वर्षं सायकल नव्हती.
मग इंदोऱ्याच्या रेवाराम मेंढेनं
एका जुन्या लोखंडी सांगाड्यात जाड टायर बसवून दिले.
म्हणाला, हवा कमी ठेवजा ताई, तीस पौंड.
जास्त भरसान तं गोट्यावर उड्या मारन थे.
अन् हँडल आवळू नका.
मुरमाले आवळलेलं आवडत नाही.

मनसरच्या अलीकडे डांबर सोडलं.
कालव्याची पाळ, मग बैलगाडीची चाकोरी,
मग नुसता मुरूम.

बारीक असला की तव्यावरच्या जिऱ्यासारखा तडतडतो,
जाड असला की घासात खडा लागावा तसा.
तो आवाज पायडलमधून पोटरीत,
पोटरीतून मणक्यात चढतो,
कान किती आहेत ते विचारत नाही.

बंद खाणीमागची जमीन
उसवून कापूस काढलेल्या गादीसारखी पडली आहे.
ढिगारे, घळी, पुन्हा ढिगारे.
लाल, राखी, मध्येच मँगनीजचा काळा चुरा,
सावली म्हणावी तर एका विलायती बाभळीची.
वाळवंटच म्हटलं असतं,
पण पलीकडे सातपुडा पहिली पायरी टाकून बसलेला,
सागाची पानं गाळून, अगदी उघडा.

रस्ता रिकामा. तरी मी दर मिनिटाला
मान उजवीकडे वळवून मागे बघते.
सवय. मानेला त्याची एक कायमची कळ आहे.

फाटकाशी शालिक उईके,
पाठ तुटलेल्या खुर्चीवर, पायाशी पिवळं कुत्रं.
मी घंटी वाजवायच्या आधीच त्यानं वळून पाहिलं.
जोरात बोला बाई, तो म्हणाला,
सुरुंगानं दोन्ही कान नेले.
तुमची सायकल मले खुर्चीच्या पायातून समजली.

गाड्या येत नाहीत का इकडं?
आता कायले येतीन.
आधी दिवसाले दोनशे डंपर होते,
एक माह्यावाला.
हा रस्ता आम्हीच दाबून दाबून बसवला.
मग खाण बसली.

मी ज्याला शांतता म्हणत होते
ती त्याच्या पगाराची जागा होती.
काय बोलावं ते सुचेना.
त्यानं पंचाच्या गाठीतून मोहाची फुलं काढली,
सकाळीच वेचलेली, दवानं जड.
दोघांनी खाल्ली. कुत्र्यानंही दोन खाल्ली.
वर जासान तं वळणावर गोटा सुटला हाये,
एवढं सांगून तो पुन्हा खुर्चीवर टेकला.

चढ लांब होता. मी अर्धा चालतच चढले.
सागाच्या वाळक्या पानांवर पाय पडला की
पापडाचा डबा सांडल्यागत होई.
वर वारा उष्ण. पाण्याला प्लास्टिकची चव.

उतारावर तो सांगितलेला गोटा आलाच.
मागचं चाक सरकलं,
हात आवळले, मग आठवलं, सोडले,
आणि सायकल आपली आपण सरळ झाली,
मी फक्त वर बसून होते.

बरंच खाली आल्यावर लक्षात आलं,
मान किती वेळ वळलीच नव्हती.

मग वळले. बघायचं होतं म्हणून.
मागे धूळ होती, माझीच,
वळणावर उन्हात उभी,
अजून खाली बसली नव्हती.