मांडीवर मावेल तेवढं

इक्बाल पारकरचा फोन: पहाटे चारला, रुवीच्या पेट्रोल पंपावर.
हौद्यात कांदे आहेत, दोन टायर आहेत,
मागे काही ठेवशील तर त्याचा खुळखुळा होईल.
पुढे आपण तिघं. तू मधे.
मांडीवर मावेल तेवढंच आण.

म्हणून रात्री अकराला पलंगावर दुकान मांडलंय.
खाली जुना टॉवेल, वर एसीची घरघर,
महिनाअखेरीला व्हाउचरं लावतो
तसं एकेक ओळीत लावत जातो.

मोठी लेन्स. चारशेची.
अठरा महिने हप्ते फेडले तिचे,
घरी सांगितला तो आकडा निम्मा.
बर्र अल हिकमानच्या चिखलात, ओहोटीला,
रोहित पक्षी उतरतात म्हणे, हजारांनी.
दोन हिवाळे मी तो फोटो मनातच काढतोय:
एक पाय पोटात, मान वाकडी, चोचीवरून निथळतं पाणी.
ही नसेल तर ते सगळे
क्षितिजावर सांडलेलं कुंकू.

रुंद लेन्स वाळवंटासाठी घेतली होती.
वाळवंट तिच्यात येत नाही, नुसतं आणखी लांब जातं.
मागच्या खेपेला कड्यात वाळूचा एक कण शिरला,
अजून फिरवली की करकरते,
भाकरीत खडा लागावा तशी.
राहू दे.

ट्रायपॉड मांडीवर?
ते काय लेकरू आहे?

सिलिकाच्या पुड्या हव्यातच.
इथे गाडीचं दार उघडलं की काचेला घाम फुटतो,
दहा मिनिटं कॅमेरा आंधळा,
आणि आपण त्याच्याशेजारी
मोतीबिंदूवाल्या काकांना घेऊन आल्यासारखे उभे.
रबरी फुंकणी. बॅटऱ्या दोन.
धुळीसाठी उशीचा अभ्रा.
बसतंय. चेन लागतेय. चारशेचीसकट.

साडेअकराला पुन्हा फोन.
"एक सांगायचा राहिला रे.
गेल्या टायमाला बर्फाच्या फॅक्टरीमागं
तू त्या वरंगलच्या पोराचा फोटो काढलास ना,
त्याचा लग्न जमला.
आता महूतच्या कॅम्पात अकरा जण दाढी करून बसतील.
चितगावच्या नुरूलला पासपोर्टचा हवाय, कान दिसले पाहिजेत.
आचाऱ्याचा कंबरेच्या वरच घे,
हात नको, बोट गेलाय त्याचा, घरी ठाऊक नाय."

मी हो म्हणालो की नाही, आठवत नाही.
त्याने ठेवला.

पन्नासची लेन्स कपाटातून काढली,
घरी परतणाऱ्या एका फिलिपिनो नर्सकडून घेतलेली,
प्लास्टिकची, हिंगाच्या डबीएवढी.
हिला जागा लागत नाही.
जागा लागते ती पांढऱ्या चादरीला.
कॅम्पाचे पत्रे निळे, पासपोर्टला हवं पांढरं,
आणि लग्नाच्या फोटोत मागे
गॅसची टाकी दिसून चालत नाही.

चार घड्या घातल्या. आठ घातल्या.
गुडघ्याने दाबून बघितलं.
चादर आणि चारशेची,
दोघींतली एकच.

खोटं कशाला बोलू,
साडेबारापर्यंत मी तिलाच हातात घेऊन बसलो होतो,
खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या
डिश अँटेनाला फोकस करत.
पारव्याची पिसं मोजता येत होती.
मग टोपण लावलं.
रोहितांचं काय, ते कुणाला काही दाखवायला येत नाहीत.
त्यांना कोणी म्हणत नाही, कान पुढे कर.

चारला पंपावर पिकअप उभी.
इक्बाल चहा पितोय.
खिडकीपाशी बसलाय नवीन मुलगा, अब्दुल मतीन,
जालन्याचा, येऊन नऊ दिवस झालेत.
त्याच्या मांडीवर, हँगरला, प्लास्टिकमध्ये
इस्त्री केलेला एक आकाशी शर्ट.
दोन्ही हातांनी धरलाय, चुरगळू नये म्हणून.

"तुझा?" मी विचारलं, मधे सरकत.

"नाही," तो म्हणाला,
"सगळ्यांचा."