चाळीस ग्रॅम

सोहारच्या मासळीबाजारात पहाटे पाचला
मी पेटी उघडतो.
वजनं मखमलीत निजलेली. हातमोजे घालूनच उठवायची,
बोटांचा घामसुद्धा भरतो काट्यावर.

गाडी शब्बीर हमदुलेची, दाभोळकडचा तो.
वाटेत मीच उकरून काढलं होतं:
खोटं बोलू नये, ते देव म्हणाला म्हणून,
की बोलूच नये, म्हणून देव म्हणाला?
"तुला झोप नाही तर मला कशाला जागवतोस," तो म्हणाला.
मग दहा किलोमीटर नुसता डांबराचा आवाज.
मग एकदम: "शिक्का काढला,
तर तुझा किलो किलो उरतो काय रे?"
मी काच खाली केली.

खल्फानच्या काट्यावर शिक्का होता. हिरवा, मुदतीतला,
मागच्या साली मीच चिकटवलेला.
किलोचं वजन ठेवलं.
काटा म्हणाला, एक हजार चाळीस.

मी वही काढली, दंडाचं पान.
म्हातारा हसला. "चाळीस ना? ठाऊक आहे.
उन्हाळ्यापासून बिघडलाय.
किलोमागे एक तारली वर टाकतो मी."

माझ्या मोडक्या अरबीत विचारलं, कुणी सांगितलं?
खात्याने?
त्याने बर्फावर थुंकल्यासारखं केलं.
अल्लाने?
"हो, त्याने तर सांगितलंयच,"
घरात आई आहे म्हणावं तसं, सहज.
आणि सांगितलं नसतं तर?

बर्फात मनगटापर्यंत हात, तसाच थांबला.
"तर काय, कमी होतं ते पुरं झालं असतं?"

"ऐकलंस? सांगितलंय म्हणाला," हमदुले.
"पुढचंही ऐक," मी.
दोघांनी आपापला अर्धा उचलला.

काटा नीट केला. जुना शिक्का नखाने खरवडला,
खाली डिंकाचा चौकोन राहिला.
दंड लिहिला की नाही, ते इथे लिहीत नाही.
मग म्हटलं, आलोच आहोत तर किलोभर घेऊ.
काटा हजारावर येऊन थांबला, हललासुद्धा नाही.
आणि खल्फानने वर एक तारली टाकली.

आता बरोबर आहे, मी म्हणालो.
त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं,
जरा परक्याकडे पाहावं तसं.
"राहू दे."

परतताना गाडीत हमदुले म्हणाला,
"ती वरची कुणाच्या हिशोबात धरायची?"
थंड हवेचं यंत्र बंद पडलेलं.
पिशवी पायाशी
गळत राहिली.