जड पाण्याचा एक थेंब

दारावर पाटी: घड्याळ, किल्ल्या, मोबाइल बाहेर.
शिकलगार मामा पायांकडे बघून म्हणायचे,
"कापशी हाय न्हवं? मग चल आत. खिळा न्हाई तिला."
चामड्यानं चामडं शिवलेलं,
चुंबकाला त्यात धरायला काही सापडत नाही.

आठ महिने दाजीपूरच्या वाटेवरची साल
कुटून, गाळून, सुकवून
माझ्याकडे उरलं दोन मिलिग्रॅम.
नखाच्या कडेवर मावेल एवढं पिवळट.
ते विरघळवायला एक सीलबंद काचकुपी:
क्लोरोफॉर्मच, पण आतला हायड्रोजन बदललेला.
तोच तो, फक्त पोटात एक न्यूट्रॉन जास्त,
आणि तेवढ्यानं आमच्या पट्टीत त्याचा आवाज उमटत नाही.

साधं वापरलं तर काय होईल,
पहिल्या वर्षी मी विचारलं होतं.
मामा तरुणपणी तालमीत राहिलेले, एक कान फुटका.
"मातीच बोंबलाय लागली तर कुस्ती कळंल व्हय?
सॉल्व्हंट म्हंजे आखाड्यातली माती.
पैलवानाला धरायचं, आपण खेळायचं न्हाई."
नळी पुसत पुसत पुढे:
"तरी कानाला जरा लागतीच."

लागतेच. शंभरातले दोन दशांश बदलायचे राहून जातात.
सात पूर्णांक सव्वीसला एक बारीक काडी उभी राहते
प्रत्येक कागदावर, कुणाच्याही.
आम्ही तिच्यावरूनच पट्टी लावतो.

आणि जे बोलत नाही
ते ऐकायला यंत्राला दुसरा कान आहे.
ड्युटेरियमचा एकच सूर धरून ते रात्रभर बसतं,
चुंबक इकडचा तिकडं सरकला की सावरतं.
खाली उद्यमनगरात भट्ट्या पेटलेल्या,
हायवेवरून उसाच्या मळीचे टँकर,
इथे हिरवा दिवा: लॉक.

मे अखेरीस मामा निवृत्त झाले.
फेटा, नारळ, आणि कुणीतरी दिलेलं मनगटी घड्याळ,
जे तीस वर्षं त्यांनी दाराबाहेर काढून ठेवलं असतं.

माझी पाळी आली रात्री दीडची.
तीनच्या जवळ एक रुंद, ढिलं पीक.
(घरी शिरोळला पीक म्हटलं
की आई विचारते, कुणाच्या रानात?)
ओएच असेल. किंवा नुसता कचरा.
मामांच्या कप्प्यात जड पाण्याची बाटली होती,
चिकटपट्टीवर त्यांचं अक्षर:
एकच थेंब. हलवा. थांबा.

टाकला. नावाचं जड;
क्लोरोफॉर्मवर तरंगत राहिलं.
हलवलं. थांबले.
पुन्हा लॉक, पुन्हा शिम, पुन्हा सोळा स्कॅन.

तीनजवळ सपाट रेघ.
तो उठून गेलेला,
चार पूर्णांक आठला, पाण्याच्या नावावर.
होता तोवर ओळख पटत नव्हती.
वहीत लिहिलं: ओएच, नक्की.
आणि मागे वळून "मामा" म्हटलं.
खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल तसाच.

बाहेर येऊन मोबाइल उचलला. दोन वाजून दहा.
एवढ्या रात्री कुणाला फोन करू नये. केला.
पहिल्याच रिंगला उचलला.
"मामा, मगदूम बोलतेय."
"गेला न्हवं?"
"गेला."
मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.
लाइन मात्र धरलेली होती.