पंचाहत्तर मीटर

टेपचं एक टोक शिपायानं धरलं,
दुसरं इन्स्पेक्टर साटमांनी.
माझ्या खानावळीच्या उंबऱ्यापासून
शाळेच्या फाटकापर्यंत
एकाहत्तर मीटर.
चार कमी.
"दार फिरवा," ते म्हणाले,
सोलकढीचा पेला खाली ठेवत,
मीठ जरा कमी आहे म्हणावं तसं.

गवंड्यानं तीन दिवसांत
जुनं दार चिऱ्यांनी बुजवलं,
खाडीच्या अंगाला नवं काढलं.
आता अठ्ठ्याहत्तर.
शाळा होती तिथंच आहे.

मग देवस्थानं विचारली.
सड्यावरचा राखणदार कुठल्या रजिस्टरात नाही,
म्हणून तो मोजला नाही.
त्याला दर अवसेला अर्धी क्वार्टर लागते,
परमिट कोणी मागत नाही.

ओरोसला सात खेपा.
पंचायतीचा दाखला, पोलिसांचा दाखला,
चारित्र्याचा दाखला.
"पूर्वी कुठला गुन्हा?"
नाही, म्हटलं.
हे नाही सांगितलं की तेरा वर्षांमागं
याच शाळेच्या दुसऱ्या खोलीत
मी शिक्का आडव्या बाटलीवर मारला होता.
एकोणीस मतं कमी पडली,
ती उभीच राहिली.

आता एफएल-तीन काचेत, गल्ल्यामागं.
आवडूमावशी बांगड्यांची पाटी घेऊन
सवयीनं चिऱ्यांसमोर थांबते:
"गो प्रमिला, दार खंय गेला तुझा?"
मी मागून हाक मारते. ती वळसा घेऊन येते,
पुटपुटत.

साडेदहाची घंटा मात्र
वळसा घेत नाही.
भिंतीतून सरळ आत येते,
एकाहत्तर मीटर.