पाच पायांचा डास

रायबंदरच्या मानशीवर
पातळ गुडघ्यापर्यंत खोचून उतरायच्या
कुंदाबाय केंकरे.
मानशीवाला ओरडायचा,
बाईची सावली पडली की मासळी फिरते.
त्या बाटली बुडवायच्या. अळ्या मोजायच्या.

बाटल्या मी धरायचो. वय बारा.

दिरेक्तोर विचारायचे, "घरी रांधतं कोण?"
"ज्याला भूक लागते तो,"
डोळा भिंगावरच.

एकदा माझ्या हातून डास मोडला, पाय गेला.
त्यांनी तसाच काढला, पाच पायांचा.
"दिसतं तेवढंच काढायचं, रे."

छप्पन साली अहवाल लिस्बनला गेला.
वर सही दिरेक्तोरांची,
शेवटी आभार: टंकलेखक, शिपाई, नावाडी.
मधल्या पानावर तो डास.

सही करण्याआधी
कुणीच पाय मोजले नव्हते.